मचव्याचं भाडं कोण भरत होतं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एकच विषय चघळला गेला, तो म्हणजे टेम्पोचं भाडं. आगळ, आमसुलं, सुकी मासळी आणि काथ्याच्या दोऱ्या असा माल घेऊन आम्ही चिपळूणच्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. दोन दिवस उभं राहून विकला. माल बऱ्यापैकी खपला. घरी आल्यावर हिशोब मांडला आणि सगळ्यांची तोंडं उतरली. जे हाती राहायचं त्यातलं निम्म्याहून जास्त टेम्पोनं नेलं होतं. भिंतीला टेकून बसलेल्या आमच्या गटातल्या सगळ्यात वडील आजी तेव्हा म्हणाल्या, "अगो बायांनो, आमच्या वेळेला हे सगळं पाण्यानं जायचं. टेम्पो कुठला नि काय कुठलं!"

आम्ही सगळ्या खाडीकाठच्याच. खाडीत तिसऱ्या वेचल्या, जाळी धुतली, काठावर लग्नाचे मांडव घातले. पण या खाडीतून एके काळी गुळाच्या ढेपा आणि मिठाच्या गोण्या जा-ये करत होत्या, हे आमच्यातल्या तिशी-चाळिशीच्या बायकांना नीटसं ठाऊक नव्हतं. मग आम्ही चौघीजणी कामाला लागलो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसलो, चिपळूणच्या वाचनालयात जाऊन जुनं गॅझेटियर चाळलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आमची खाडी म्हणजे दाभोळची खाडी. वाशिष्ठी नदी सह्याद्रीतून उतरते, चिपळूणजवळून जाते आणि दाभोळ-अंजनवेलपाशी समुद्राला मिळते. वाटेत खेडकडून आलेली जगबुडी तिला बहिरवलीजवळ भेटते. समुद्रापासून चिपळूणपर्यंतची ही पाण्याची वाट साधारण ४५ किलोमीटरची. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला समुद्र आणि मुंबईची बाजारपेठ. दुसऱ्या टोकाला चिपळूण, आणि चिपळूणच्या डोक्यावर कुंभार्ली घाट. घाट चढला की पाटण, कराड, म्हणजे सगळा देश. मध्ये डोंगर आडवा, पण डोंगराच्या पायथ्यापर्यंत समुद्रानं जणू बोट लांब करून ठेवलेलं. व्यापाऱ्याला आणखी काय हवं?

दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातलं नावाजलेलं बंदर. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आला होता, तो परत जाताना दाभोळहूनच जहाजावर चढला. इथं अरबस्तानातले घोडे उतरत आणि कापड बाहेर जाई. १५०८ च्या डिसेंबर अखेरीस पोर्तुगीजांच्या अल्मेदानं हे शहर लुटून जाळलं. पुढे या वाटेवर कुणाकुणाची सत्ता आली ते सगळं सांगत बसत नाही. पण एक गोष्ट आमच्या लक्षात आली ती सांगते. खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा किल्ला, गोपाळगड. आणि खाडीच्या वरच्या टोकाला चिपळूणजवळ गोवळकोट, म्हणजे गोविंदगड. आम्ही शाळेच्या सहलीत दोन्ही पाहिले होते, तोफा मोजल्या होत्या. पण दोन किल्ले नेमके दोन टोकांना का, हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्याच्या हातात ही दोन दारं, त्याच्या हातात जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची जकात. सिद्दीनं हे किल्ले धरून ठेवले, १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्र्यांनी ते घेतले, दहा वर्षांत पेशव्यांनी तुळाजीकडून काढले आणि १८१८ ला इंग्रज आले. एवढी माणसं एवढ्या वर्षांत भांडली ती नुसत्या दगडी भिंतींसाठी नव्हे. खालून जाणारं पाणी पैसा वाहून आणत होतं.

इंग्रजांच्या काळात लढाया थांबल्या आणि व्यापार वाढला. घाटावरून गूळ, मिरची, तंबाखू, कडधान्यं, गहू यायचं. आधी वंजाऱ्यांच्या तांड्यांतल्या बैलांच्या पाठीवरून, पुढे घाटाचा रस्ता झाल्यावर गाड्यांतून. गोवळकोटच्या बंदरात तो माल मचव्यात चढायचा. तेच मचवे दाभोळहून, मुंबईहून येताना मीठ, सुकी मासळी, नारळ, खजूर, कापड, लोखंड आणि नंतर रॉकेलचे डबे घेऊन यायचे. मचवा जातानाही भरलेला आणि येतानाही भरलेला. हे नीट ध्यानात घ्या मैत्रिणींनो, कारण वाहतुकीच्या धंद्यात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे रिकामी परतफेरी. आमचा टेम्पोवाला दोन्ही बाजूंचं भाडं घेतो ते त्याच्या लबाडीपायी नव्हे. परत येताना त्याला माल मिळत नाही, हे त्याचं दुखणं.

आता स्वस्त म्हणजे किती स्वस्त? बैलाच्या पाठीवर शंभर-सव्वाशे किलो ओझं. तोच माल दहा टनांच्या मचव्यात घातला, तर ऐंशी-शंभर बैलांचं काम एक मचवा करायचा आणि तो चालवायला तांडेल धरून तीन-चार माणसं पुरत. मचवा केवढा ते लोक खंडीत सांगत, अमुक खंडीचा मचवा. एक खंडी म्हणजे वीस मण. आजच्या हिशोबानंही फरक तसाच आहे. जलवाहतुकीच्या सरकारी कागदांत एक आकडा नेहमी दिलेला असतो. एक अश्वशक्ती रस्त्यावर १५० किलो ओढते, रुळावर ५०० किलो आणि पाण्यात ४,००० किलो. दुसरा आकडा इंधनाचा. एक लिटर इंधनात एक टन माल ट्रकनं २४ किलोमीटर जातो, रेल्वेनं ८५ आणि पाण्यातून १०५. विहिरीतून भरलेली कळशी पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की खांदा भरून येतो, हे आपण रोज अनुभवतो. पाणी ओझं आपल्या अंगावर घेतं. बोटीला फक्त पुढं सरकायचं असतं.

आणि आमच्या खाडीत पुढं सरकायलाही इंधन लागत नव्हतं. भरतीचं पाणी मचव्याला आत ढकलायचं, ओहोटीचं बाहेर काढायचं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की शीड भरायचं आणि मचवा चिपळूणकडे निघायचा. रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारा आला की उलटा प्रवास. एका भरतीत सगळं अंतर कापता येत नसे. ओहोटी लागली की तांडेल मध्येच नांगर टाकून भात शिजवत बसायचा आणि पुढच्या भरतीची वाट बघायचा.

या तांडेलाकडे घड्याळ नव्हतं, भरतीचं छापील वेळापत्रक नव्हतं. त्याचं वेळापत्रक आपल्या घरातच टांगलेलं असतं, ते म्हणजे पंचांग. ही रीत आम्हाला गावातल्या एका जुन्या तांडेलानं शिकवली, आणि ती शिकताना आम्ही सगळ्या अगदी शाळकरी मुलींसारख्या बोटं मोडत बसलो होतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पुरी होण्याची वेळ निघते. आज चतुर्थी आहे? चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला नि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. थोडं मागंपुढं होतं, आणि ही वेळ किनाऱ्यावरची. चिपळूणच्या बाजूला पाणी चढायला आणखी उशीर लागतो. पण चूल पेटवायची की मचवा सोडायचा, एवढं ठरवायला हा हिशोब पुरे. उपासाच्या तिथ्या आपल्याला तोंडपाठ असतात. त्याच तिथ्यांवर एक अख्खी वाहतूक चालत होती, याचं आम्हाला फार नवल वाटलं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा पाणी पार आतपर्यंत चढतं, जड मचवे तेव्हाच वर यायचे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी जेमतेम. भांगात जड मचवा वर नेण्याचं धाडस कुणी केलं तर तो चिखलात बसायचा तो थेट पुढच्या उधाणापर्यंत. आजी सांगतात, एकदा खजुराचा मचवा असा अडकला होता आणि गावातल्या पोरांना आठवडाभर खाडीवर जाण्यापासून कुणी अडवू शकलं नाही.

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, काय सुंदर व्यवस्था होती! आम्हालाही तसंच वाटत होतं. मग आम्ही आजींना विचारलं, माल मचव्यातून काठावर कोण आणायचं? आजी म्हणाल्या, "कोण म्हणजे? आम्हीच की."

त्यांच्या लहानपणी आमच्या गावात बांधलेला धक्का नव्हता. मचवा काठाला लागला की मुकादम हाळी द्यायचा. पुरुष गोणी उचलून डोक्यावर द्यायचे आणि बायका ती वखारीपर्यंत वाहायच्या. पाणी चढलेलं असलं तर मांडीभर पाण्यातून, ओहोटीला मचवा गाळात बसलेला असला तर एका फळीवरून. मिठाची गोणी गळते. ते खारं पाणी मानेवरून पाठीवर उतरतं, आणि दुपारच्या उन्हात पाठीची कातडी सोलल्यासारखी होते. मजुरी खेपेवर. मचवा भरतीला लागायचा, आणि भरती रोज सुमारे पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणून कामाची वेळ रोज वेगळी, कधी पहाटे तीनलाही. घरात तान्हं मूल असलं तर ते शेजारणीकडे टाकून जायचं. आजींची आई अशीच एकदा फळीवरून घसरली. मनगट मोडलं. ते वाकडंच बसलं आणि जन्मभर तसंच राहिलं. मिठाची गोणी खाडीत विरघळली, तिचे पैसे व्यापाऱ्यानं पुढच्या खेपांतून कापून घेतले. हे सांगताना आजींचा आवाज चढला नाही की पडला नाही. आम्हीच गप्प झालो.

गॅझेटियरच्या ज्या पानांत आम्ही डोकं घातलं होतं तिथं बंदरं आहेत, मालाच्या जाती आहेत, किती रुपयांचा माल आला-गेला ते आहे. फळीवरून चालणारी बाई तिथं आम्हाला सापडली नाही. आणि आम्ही सगळ्या आपापल्या गटाच्या वह्या लिहिणाऱ्या बायका. जमेला धरलेलं नाही म्हणजे ते खर्चालाही दिसत नाही, हे आम्हाला चांगलं कळतं.

दुसरा एक खर्च असाच वहीबाहेर राहिला. पावसाळ्यात चार महिने दर्या बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत मुंबईचा माल नाही. म्हणून मे महिन्यात घरोघर आगोट भरायची. मीठ, मिरची, सुकी मासळी, कडधान्य, सगळं वाळवून, राख लावून, मडक्यात बांधून, किडीपासून आणि ओलीपासून सांभाळायचं. शहरात ज्याला गोदाम म्हणतात त्याला भाडं असतं. आमच्या आज्या-पणज्यांची घरं चार महिन्यांची गोदामंच होती आणि त्यांना कुणी भाडं दिलं नाही. पाण्याची वाहतूक सावकाश असते, हंगामी असते. तो सावकाशपणा कुणीतरी आपल्या घरात साठवून घेतो, म्हणून ती स्वस्त पडते.

आता थोडं आमच्या खाडीबाहेर जाऊ या, कारण ही वाट बंद का पडली ते समजायला देशात काय चाललं होतं ते बघावं लागतं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात माल नेण्यासाठी रेल्वे घालावी की कालवे काढावेत यावर मोठा वाद झाला होता. कालव्यांच्या बाजूनं होते आर्थर कॉटन. गोदावरीवर राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचं धरण यांनीच बांधलं, ते १८५२ मध्ये पुरं झालं. त्याच्या कालव्यांतून शेतीला पाणीही मिळालं आणि नावाही चालल्या. कॉटन यांचं म्हणणं साधं होतं. या देशातला माल जड आणि स्वस्त आहे, त्याला घाई नाही, त्याला पाण्याची वाट परवडेल. पण रेल्वे कंपन्यांमागे विलायतेतले भांडवलवाले होते आणि त्यांना सरकारनं पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. रेल्वेला तोटा झाला तर तो भरून निघायचा इथल्या महसुलातून, म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या खिशातून. होडीवाल्याला अशी हमी कोण देणार? गंगेवर १८३४ पासून आगबोटी चालत होत्या. रेल्वे पोचली तसा त्यांचा धंदा बसत गेला. कॉटन वाद हरले. गोदावरीकाठचे लोक मात्र अजून त्यांच्या पुतळ्यांना हार घालतात.

कोकणात काय झालं? १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, पण ती वळली घाटाकडे. रत्नागिरी जिल्ह्यात रेल्वे यायला पुढचं जवळजवळ दीड शतक लागलं. कोकण रेल्वे पूर्ण खुली झाली २६ जानेवारी १९९८ ला. रेल्वे आली नाही म्हणून आपण किती रडलो! पण रेल्वे नव्हती म्हणूनच आमच्या खाडीतले मचवे इतरांपेक्षा जास्त दिवस टिकले, हेही खरं.

त्यांना संपवलं ते ट्रकनं. ट्रकला भरती-ओहोटी नाही, पावसाळा नाही, आणि तो वखारीच्या दारात येऊन उभा राहतो. कराडला भरलेला माल थेट मुंबईत उतरतो, मध्ये गोवळकोटला उतरवून पुन्हा चढवायला नको. चढ-उतार वाचली. एका अर्थी आजींच्या आईचं काम वाचलं, आणि मजुरीही गेली. जिथं तिथं पूल झाले, त्यांच्या कमानी ठेवताना खालून शिडाची बोट जाईल का हा विचार कुणाला करावासा वाटला नाही. तोवर करायचं कारणही उरलं नव्हतं.

आणि गाळ. हे सांगताना आम्हाला आमच्याच लोकांचा थोडा राग येतो. खाड्यांमधून मुंबईला वर्षानुवर्षं जळाऊ लाकूड गेलं. पाण्यानं न्यायला स्वस्त, म्हणून काठाजवळचे डोंगर आधी बोडके झाले. बोडक्या डोंगराची माती पावसात खाली आली आणि ज्या खाडीनं लाकूड नेलं तिच्याच पोटात बसली. साठच्या दशकापासून कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडीकडून वाशिष्ठीत उतरतं, त्यानं नदीचं वागणंही बदललं. २००५ चा पूर आठवतो, २२ जुलै २०२१ चा तर विसरता येत नाही. चिपळूणच्या बाजारपेठेत पहिला मजला बुडाला होता. पूर का आला याची कारणं पुष्कळ सांगितली गेली, त्यात साचलेल्या गाळाचं नाव वरचं. त्यानंतर लोकांनी आंदोलन केलं, तेव्हा नदीतून गाळ काढायचं काम सुरू झालं. मचव्यांच्या काळात गाळ दिसला की तांडेल ओरडायचा, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न होता. खाडीतून कुणी जात-येत नाहीसं झालं आणि ती उथळ होतेय हे बघणारा डोळाच गेला. आज दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे, ती फार सोयीची, पण ती खाडी ओलांडते. खाडीच्या लांबीनं जाणारे उरले ते मासेमारीचे पगार, रेतीच्या होड्या आणि मगरी दाखवायला नेणाऱ्या पर्यटकांच्या बोटी.

मग हे सगळं आज कशाला उकरून काढलं? कारण हा इतिहास पुन्हा सरकारच्या कागदावर आला आहे. २०१६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग कायदा झाला. आधीचे पाच आणि नवे १०६ असे मिळून १११ जलमार्ग जाहीर झाले. त्यातला क्रमांक २८ म्हणजे दाभोळ खाडी-वाशिष्ठी नदी, समुद्रापासून पेढ्याच्या पुलापर्यंत, लांबी ४५ किलोमीटर. तीच मचव्याची वाट. हे वाचलं तेव्हा आम्हाला आनंद झाला. आमची खाडी राष्ट्रीय! आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग आधी काय परक्याची होती?"

देशभरात जलमार्गांनी जाणारा माल खरोखर वाढला आहे. २०१३-१४ मध्ये तो सुमारे १ कोटी ८० लाख टन होता, २०२३-२४ मध्ये १३ कोटी ३० लाख टन झाला. पण कोणता माल आणि कुणाचा, हे बघायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. रायगडमधली अंबा नदी हा क्रमांक १० चा जलमार्ग. समुद्रात उभ्या मोठ्या जहाजांतून कोळसा आणि लोहखनिज बार्जमध्ये उतरतं आणि धरमतरच्या जेट्टीवर येतं, तिथल्या पोलाद कारखान्यासाठी. हजारो ट्रक रस्त्यावरून कमी झाले, धूर कमी झाला, हे चांगलंच आहे. पण ते बार्ज वाटेतल्या गावाला थांबत नाही. वाटेतल्या गावाकडे त्याला देण्यासारखं काही नाही, आणि गावाचा माल घेण्यात त्याला रस नाही.

गोव्यातही तेच बघायला मिळतं. मांडवी आणि जुवारी या नद्या आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, इथली बार्ज वाहतूक देशात नावाजलेली होती. खाणीतलं लोहखनिज मुरगावच्या बंदरात आणि तिथल्या जहाजांवर न्यायचं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि बार्ज जागच्या जागी उभे राहिले. कर्ज काढून बार्ज घेणारे अडचणीत आले. पाणी तेच होतं, नदी तीच होती, पण वाहायला एकच माल होता. आमच्या खाडीत गुळाचा भाव पडला तर मिरची जायची, मिरची नसली तर नारळ.

म्हणून आमच्या गटानं ठरवलं की नुसतं "आमचा जलमार्ग सुरू करा" असं म्हणायचं नाही. आम्ही ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. त्यात लिहिलंय की या जलमार्गाचं काही होणार असेल तर गावाला लहान का होईना, उतरता धक्का हवा, म्हणजे ओहोटीलाही ढकलगाडी बोटीपर्यंत जाईल आणि कुणाला फळीवरून चालावं लागणार नाही. धक्क्यावर एक शेड आणि वजनकाटा हवा, आणि ती शेड चालवायला गटाकडे द्यावी. बोट आठवड्यातून एकदा आली तरी चालेल, पण थांबली पाहिजे. खाडीत गाळ काढताना तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या जागा कोणत्या ते आधी आम्हाला विचारावं, कारण त्या वेचणाऱ्या बायका आहेत आणि त्यांचीही नोंद कुठल्या वहीत नाही. आमच्यातल्या एकीचं म्हणणं पडलं की एवढ्याशा मालासाठी बोट परवडणारच नाही, उगाच आशा कशाला? तिचं अगदीच चूक नाही. एकट्या आमच्या गटाची आमसुलं बोट भरणार नाहीत. पण खाडीच्या दोन्ही काठांवर किती गट आहेत, किती आंबा आहे, काजू आहे, चिरा आहे, परत येताना किती सिमेंट आणि रेशनचं धान्य येतं, याचा हिशोब अजून कुणी मांडलेलाच नाही. तो आम्ही मांडायला घेतलाय. प्रत्येक गटाकडून महिन्याला किती किलो माल गावाबाहेर जातो आणि किती आत येतो, एवढंच विचारतोय. आतापर्यंत सहा गटांनी आकडे दिले आहेत.

तुम्ही खाडीपट्ट्यातल्या असाल तर तुमच्या गटाचा आकडा आमच्यापर्यंत पोचवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना जरूर विचारा, मचव्यावर कोण काम करायचं, खेपेला काय मिळायचं. कुणाच्या माळ्यावर जुनं माप, मजुरीची चिठ्ठी, मचव्याची पावती असं काही असेल तर फेकू नका, रेडिओ केंद्रावर दाखवायला आणा, आम्ही फोटो काढून परत देऊ. अर्जावर ग्रामसभेत चर्चा होणार आहे. आजींना आम्ही सांगितलं की तुम्हाला यावंच लागेल, तुमच्या आईची गोष्ट तुमच्याच तोंडून हवी. त्यांनी आधी विचारलं, त्या दिवशी तिथी कुठली. आम्ही म्हटलं, सप्तमी. त्यांनी मनातल्या मनात पाऊणपट केली आणि म्हणाल्या, "सव्वापाचाची भरती. सभा चारला ठेवा, मी नातवाच्या होडीनं येते."